नव्या गाडीत सिंथेटिक ऑइल: कधी टाकायचं, कोणतं टाकायचं आणि पुण्याच्या ट्रॅफिकमध्ये ते किती चालवायचं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. नवी पेट्रोल हॅचबॅक घेऊन दीड महिना झाला, अकराशे किलोमीटर झाले, रोज कोथरूड ते हिंजवडी जाणं-येणं. ऑफिसमधला मित्र म्हणतो, आत्ताच फुल सिंथेटिक टाकून घे, इंजिनाची काळजी मिटली. सोसायटीतले काका म्हणतात, आधी गाडी मोकळी होऊ दे, दहा-पंधरा हजार साध्या ऑइलवर चालव, नाहीतर पिस्टनच्या रिंगा सिलिंडरला नीट बसणार नाहीत. सर्व्हिस सेंटरवाले म्हणतात, पहिली सर्व्हिस फक्त चेकिंगची, ऑइलला हात लावायचा नाही. यातलं कोणाचं ऐकायचं?

मी पुण्यात गॅरेज चालवतो, आणि त्याआधी बरीच वर्षं एका कंपनीच्या वर्कशॉपमध्ये फ्लोअरवर काम केलंय. हा प्रश्न माझ्याकडे नवी गाडी घेतलेला जवळजवळ प्रत्येक जण विचारतो. त्यात दोन प्रश्न एकमेकांत अडकलेले असतात. एक, ऑइल कोणतं. दुसरा, ते किती दिवसांनी बदलायचं. पहिल्या प्रश्नावर लोक तासन् तास वाद घालतात आणि दुसऱ्याकडे बघतही नाहीत. शहरात चालणाऱ्या गाडीच्या इंजिनाचं नुकसान मात्र बहुतेक वेळा दुसऱ्यामुळेच होतं.

आधी एक काम करा. बॉनेट उघडा आणि ऑइल भरायच्या झाकणावर काय छापलंय ते बघा. बऱ्याच गाड्यांवर तिथे ग्रेड, म्हणजे ऑइल किती पातळ किंवा घट्ट ते सांगणारा आकडा, लिहिलेला असतो. नसेल तर मॅन्युअलमध्ये शेवटच्या पानांजवळ तक्ता असतो. तुमच्या गाडीच्या वर्गातल्या आजच्या पेट्रोल इंजिनांना कंपन्या सर्रास ०डब्ल्यू-२० किंवा ०डब्ल्यू-१६ सांगतात. तुमच्या झाकणावर हेच असेल तर मित्राचा आणि काकांचा वाद तिथेच संपला. इतकं पातळ आणि तरीही टिकाऊ ऑइल साध्या मिनरल बेसमधून, म्हणजे कच्चं तेल नुसतं शुद्ध करून, बनवता येत नाही. म्हणजे कारखान्यातून निघतानाच तुमच्या इंजिनात सिंथेटिक किंवा त्याच्या अगदी जवळचं ऑइल भरलेलं आहे. अकराशे किलोमीटर गाडी त्याच्यावरच चालली आहे.

झाकणावर ५डब्ल्यू-३० असेल तर मात्र प्रश्न उरतो, कारण त्या ग्रेडमध्ये सेमी सिंथेटिकही (मिनरल आणि सिंथेटिकचं मिश्रण) मिळतं आणि फुल सिंथेटिकही.

आता काकांच्या मुद्द्याकडे येतो. तो हवेतून आलेला नाही. पद्मिनी आणि अँबॅसेडरच्या काळात बोअरची, म्हणजे सिलिंडरच्या आतल्या भिंतीची, होनिंग (घासून केलेलं फिनिशिंग) खरखरीत असायची, रिंग आणि बोअर एकमेकांना घासून जागा करून घ्यायचे, आणि त्यात खरोखर हजारो किलोमीटर जायचे. तेव्हा आपल्याकडे सर्रास २०डब्ल्यू-४० आणि २०डब्ल्यू-५० मिनरल ऑइल वापरलं जायचं. त्या काळात हा सल्ला बरोबर होता. आज बोअरवर आधी क्रॉस-हॅच (एकमेकींना छेदणाऱ्या तिरक्या) रेघा काढतात आणि मग त्या रेघांचे उंच कंगोरे कारखान्यातच कापून सपाट करतात. पूर्वी जे काम रस्त्यावर व्हायचं त्यातलं बरंचसं मशीनवर होऊन येतं. जे उरतं ते पहिल्या काहीशे किलोमीटरमध्ये होतं, आणि ते होतं रिंगेच्या मागे शिरणाऱ्या वायूच्या दाबामुळे. इंजिनावर थोडा लोड येतो, दाब वाढतो, रिंग बोअरला टेकते. त्या वेळी रिंग आणि बोअरच्या मध्ये जो थर असतो त्याची जाडी ऑइलच्या ग्रेडवर ठरते, बेस मिनरल आहे की सिंथेटिक यावर नाही. एकाच ग्रेडची दोन्ही ऑइलं गरम झाल्यावर जवळपास सारखीच घट्ट असतात. आणि सिंथेटिकमुळे रिंगा बसत नसत्या तर शेवरोलेने १९९२ पासून कॉर्व्हेट आणि पोर्शने १९९६ पासून आपल्या गाड्या कारखान्यातूनच सिंथेटिक भरून पाठवल्या नसत्या.

गाडी मोकळी होण्यासाठी ऑइलपेक्षा तुमचा पाय महत्त्वाचा. पहिले हजार-दीड हजार किलोमीटर एकाच वेगावर तासभर धरून चालवू नका. नवी गाडी घेऊन लोक हौसेने एक्स्प्रेसवेला जातात आणि लोणावळ्यापर्यंत एकाच आरपीएमवर नेतात, ते टाळलेलं बरं. वरच्या गिअरमध्ये गुदमरत चढ चढवू नका आणि थंड इंजिनावर रेस करू नका. तुमचे अकराशे झालेच आहेत आणि चांदणी चौकाच्या चढउतारावर रोज गिअर बदलत झाले आहेत, त्यामुळे तुमच्यापुरता हा विषय जवळजवळ संपलाय.

मग मित्राचं ऐकून आत्ताच ऑइल उतरवायचं का? नवीन इंजिनातल्या पहिल्या ऑइलमध्ये धातूचे बारीक कण पुढच्या ऑइलपेक्षा जास्त असतात, हे खरं आहे. त्यातले मोठे कण फिल्टर अडवतो, आणि कंपनीने पहिल्या बदलाचे किलोमीटर हे धरूनच ठरवलेले असतात. काही कंपन्या तर पहिलं ऑइल लवकर काढू नका असं मॅन्युअलमध्येच लिहितात, कारण त्या भरण्यात सुरुवातीच्या घर्षणासाठी वेगळे ॲडिटिव्ह (ऑइलमध्ये मिसळलेली रसायनं) असतात. तुमच्या पुस्तकात असं वाक्य असेल तर ते पाळा. नसेल आणि तुम्हाला चैनच पडत नसेल तर आत्ता बदलल्याने इंजिनाचं काही बिघडणार नाही, फक्त पैसे जातील. मी स्वतः हजारावर बदलायला सांगत नाही. शहरात चालणाऱ्या नव्या गाडीचं पहिलं ऑइल मी पाच हजार किलोमीटर किंवा सहा महिने, जे आधी होईल त्याला काढतो. कंपनीने दहा हजार सांगितलं असलं तरी पहिल्या वेळी मी ते निम्म्यावर आणतो, आणि यात कंजुषी करू नका असंच सांगेन.

सिंथेटिक नक्की काय देतं हेही समजून घ्या, म्हणजे दुकानदार काहीही सांगू शकणार नाही. एपीआय या अमेरिकेतल्या पेट्रोलियम संस्थेने बेस ऑइलचे, म्हणजे ॲडिटिव्ह घालण्याआधीच्या मूळ तेलाचे, पाच गट केलेत. पहिले दोन साध्या मिनरलचे. तिसऱ्या गटाचं ऑइल कच्च्या तेलापासूनच येतं, पण उच्च दाबाखाली हायड्रोजनच्या प्रक्रियेने त्याची अंतर्गत रचना इतकी बदललेली असते की ते सिंथेटिकसारखं वागतं. चौथा गट पीएओ, म्हणजे खऱ्या अर्थाने घडवलेला रेणू. एस्टर आणि बाकीचे पाचव्यात. तिसऱ्या गटाला सिंथेटिक म्हणायचं की नाही यावर अमेरिकेत दोन मोठ्या ऑइल कंपन्यांमध्ये वाद झाला होता आणि १९९९ मध्ये तिथल्या जाहिरात-नियमन मंडळाने म्हणू द्या असा निर्णय दिला. तेव्हापासून बाजारातल्या ‘फुल सिंथेटिक’ डब्यांपैकी पुष्कळशा डब्यांत मुख्यतः तिसरा गट असतो. त्यात फसवणूक नाही, ती ऑइलं चांगलीच आहेत. पण त्यामुळे डब्यावरच्या मोठ्या अक्षरांवरून फारसं काही कळत नाही. कळतं ते मागच्या बाजूच्या बारीक अक्षरांवरून.

तिथे दोन गोष्टी बघायच्या. पहिली ग्रेड. ०डब्ल्यू-२० मधला पहिला आकडा थंडीतला, दुसरा गरम इंजिनातला. ०डब्ल्यूची थंडीची चाचणी उणे ३५ अंशांना होते, ५डब्ल्यूची उणे ३० ला. पुण्यात डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे पारा १० अंशांच्या आसपास उतरतो, तेव्हा या दोघांमधल्या फरकासाठी जीव टाकण्यात अर्थ नाही. दुसरा आकडा मात्र महत्त्वाचा. १५० अंशांना, जोराच्या घासणीत, २० ग्रेडला किमान २.६ आणि ३० ग्रेडला किमान २.९ मिलिपास्कल-सेकंद इतका घट्टपणा टिकवावा लागतो. बेअरिंगमधला थर या आकड्यावर उभा असतो.

इथे बरेच जण म्हणतात, आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये ४० अंश होतात, मग जाड ऑइल टाकलेलं बरं. मी त्याच्या विरोधात आहे. बाहेर १० असो की ४०, थर्मोस्टॅट आणि रेडिएटर इंजिनाचं तापमान ठरावीक पट्ट्यात धरून ठेवतात, आणि ऑइल गरम झाल्यावर साधारण ९० ते ११० अंशांतच काम करतं. शिवाय आजच्या इंजिनात व्हॉल्व्हचं टायमिंग ऑइलच्याच दाबाने हलतं. तिथल्या नळ्या आणि फटी पातळ ऑइल धरून बनवलेल्या असतात. मॅन्युअलमध्ये फक्त ०डब्ल्यू-१६ किंवा ०डब्ल्यू-२० लिहिलं असेल तर तेच टाका. तक्त्यात ५डब्ल्यू-३० लाही परवानगी असेल आणि तुम्ही दर शनिवार-रविवारी पाच माणसं आणि सामान घेऊन वरंधा किंवा ताम्हिणी चढत असाल, तर मी ५डब्ल्यू-३० निवडेन. ॲव्हरेज किंचित कमी होईल, ते चालतं.

दुसरी गोष्ट स्पेसिफिकेशन, म्हणजे ऑइल कोणत्या दर्जाच्या चाचण्या पास झालंय ते. पेट्रोलसाठी एपीआय एसपी हे २०२० मध्ये आलं. टर्बो (हवा दाबून आत ढकलणारा पंखा) आणि डायरेक्ट इंजेक्शनच्या (पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारणाऱ्या) छोट्या इंजिनांत कमी आरपीएमवर जोर दिला की मिश्रण वेळेआधीच पेटतं, आणि त्याचा एखादा जोरदार ठोका पिस्टन फोडू शकतो. जुन्या ऑइलमधलं कॅल्शियम त्याला हातभार लावायचं. एसपीची रेसिपी हे लक्षात घेऊन केलेली आहे. म्हणून टर्बो पेट्रोलवाल्यांनी घरात पडलेला जुन्या स्पेसिफिकेशनचा डबा वापरून टाकू नये. १ एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-सिक्स डिझेलवाल्यांचा प्रश्न वेगळा: डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) असेल तर कमी राख सोडणारं ऑइलच लागतं, डब्यावर एसीईए या युरोपीय संघटनेचा दर्जा सी-२ किंवा सी-३, जे पुस्तकात असेल ते. चुकीचं ऑइल कितीही महागडं सिंथेटिक असलं तरी त्याची राख फिल्टरमध्ये साठते आणि ती जळून जात नाही.

सिंथेटिकचा खरा फायदा उष्णतेत टिकण्याचा आहे. ते सावकाश आंबतं, कमी उडतं आणि गाळ कमी करतं. टर्बोचा शाफ्ट मिनिटाला लाखाच्या वर फिरतो आणि त्याच्या बेअरिंगला इंजिनाचंच ऑइल जातं, तिथे हा फरक पैसे वसूल करून देतो. तुमच्या साध्या, टर्बो नसलेल्या इंजिनात फरक आहे, पण छोटा. पिकअप वाढेल, ॲव्हरेज दोन-तीन किलोमीटरने वाढेल अशी अपेक्षा ठेवू नका. आणि एक गोष्ट कोणतंही सिंथेटिक करत नाही: ऑइलमध्ये आलेलं पाणी, न जळलेलं पेट्रोल आणि काजळी ते नाहीशी करत नाही. ती ऑइलसोबत चेंबरमधून, म्हणजे इंजिनाखालच्या ऑइलच्या टाकीतून, बाहेर काढावीच लागते.

आता ज्या मुद्द्यासाठी मी एवढं लिहायला बसलो, तो.

तुमचा रस्ता सोळा-सतरा किलोमीटरचा आणि गर्दीच्या वेळी त्याला तास लागतो. सरासरी वेग ताशी अठरा धरू. या वेगाने दहा हजार किलोमीटर होईपर्यंत इंजिन साडेपाचशे तास चाललेलं असेल. रोज साताऱ्याला जाणाऱ्या माणसाचा सरासरी वेग साठ पडतो, त्याचे दहा हजार किलोमीटर एकशे सहासष्ट तासांत होतात. ओडोमीटरवर दोन्ही गाड्या सारख्या, पण तुमच्या ऑइलने तिपटीहून जास्त काम केलेलं असतं. विद्यापीठ चौकात सिग्नलला उभं असताना किलोमीटर थांबतात, इंजिन थांबत नाही. प्रत्येक मिनिटाला रिंगांच्या बाजूने थोडा जळका वायू चेंबरमध्ये उतरत असतो, ऑइल तापत असतं, ॲडिटिव्ह खर्च होत असतात. मॅन्युअलमध्ये ‘तीव्र वापर’ किंवा तशा नावाचा एक छोटा भाग असतो: सतत थांबत-चालत जाणं, धूळ, छोटे फेरे, डोंगरी रस्ते. त्यात बदलाचं अंतर जवळपास निम्मं केलेलं असतं. पुण्यातली बहुतेक गाडी याच भागात बसते आणि बहुतेक मालक तो भाग वाचतच नाहीत.

छोट्या फेऱ्यांची गोष्ट आणखी वेगळी. तुमचा प्रवास तासाभराचा असल्यामुळे ऑइल पूर्ण तापतं आणि त्यातलं पाणी उडून जातं. पण गाडी फक्त मंडई, बँक आणि नातवाच्या शाळेपुरती निघत असेल तर ऑइल कधी तापतच नाही. अशीच एक गाडी माझ्याकडे आली होती. मालक निवृत्त, गाडी अगदी जपलेली, सीटवर अजून प्लास्टिक. किलोमीटर कमी म्हणून ऑइल दोन पावसाळे तसंच राहिलेलं, आणि ते होतं महागडं फुल सिंथेटिक. भरायचं झाकण उघडलं तर आतून पिवळट-पांढरा चिकट थर. टॅपेट कव्हर (इंजिनाचं वरचं झाकण) काढलं तर कॅमशाफ्टच्या भोवती आटलेल्या काकवीसारखं काळं साचलेलं, बोटाने निपटावं लागत होतं. चेंबर उतरवला तर ऑइल पंपाच्या स्ट्रेनरची (गाळणीची) जाळी निम्म्याहून जास्त बंद. ऑइलचा दिवा आयडलला लुकलुकायचा, तो याचमुळे. त्या काकांना वाटत होतं, एवढं चांगलं ऑइल आहे, एवढी कमी चालते, बदलायचं कशाला. गाडी कमी चालत असली तरी वर्षातून एकदा ऑइल काढायचंच, ही सूचना त्यांना आधी कोणी समजावून सांगितली नव्हती याचं मला फार वाईट वाटलं.

म्हणून माझं मत असं: सिंथेटिक टाका, पण ते महाग आहे म्हणून ताणू नका. तुमच्या वापरात सिंथेटिकवर सात-साडेसात हजार किलोमीटर किंवा वर्ष, जे आधी येईल ते. सेमी चालत असेल आणि तेच वापरायचं असेल तर पाच हजार किंवा सहा महिने. छोट्या हॅचबॅकमध्ये तीन ते साडेतीन लिटर ऑइल लागतं. लिटरमागे सिंथेटिकचा भाव सेमीच्या साधारण दुप्पट धरला तरी दर बदलाला पडणारा फरक अर्ध्या टाकी पेट्रोलच्या आसपास राहतो. टर्बो नसलेल्या गाडीत वेळेवर बदललेलं सेमी हे दीड वर्ष ताणलेल्या सिंथेटिकपेक्षा कधीही चांगलं.

लोकांच्या मनात आणखी काही शंका असतात, त्या पटकन सांगतो. एकदा सिंथेटिक टाकलं की परत साधं टाकता येत नाही, हे खरं नाही. एपीआय परवान्याची ऑइलं एकमेकांत मिसळली जातील अशीच असावी लागतात. प्रवासात कमी पडलं तर त्याच ग्रेडचं, तेच किंवा त्याहून नवं स्पेसिफिकेशन असलेलं दुसऱ्या कंपनीचं टॉप-अप करा. सील गळतात ही भीती सुरुवातीच्या काळातल्या ऑइलची आहे, नव्या गाडीत तिचा विचारच करू नका. ऑइल हजार किलोमीटरमध्ये काळं झालं म्हणजे खराब झालं असं नाही, काजळी धरून ठेवणं हे त्याचं कामच आहे. आणि सर्व्हिस सेंटरमध्ये नव्या गाडीला इंजिन फ्लश आणि ऑइलमध्ये टाकायची वेगळी बाटली सुचवली तर सरळ नाही म्हणा. चांगल्या ऑइलमध्ये जे हवं ते मोजून घातलेलं असतं.

वॉरंटी आहे तोपर्यंत बदल अधिकृत सेंटरमध्येच करून घ्या. ऑइल स्वतःचं नेणार असाल तर आधी ॲडव्हायझरला विचारा, काही ठिकाणी चालतं, काही ठिकाणी नाही. नेलंत तर जॉब कार्डवर ग्रेड, स्पेसिफिकेशन आणि किलोमीटर तिन्ही लिहून घ्या आणि ऑइलचं पक्कं बिल त्यालाच जोडून ठेवा. खरेदी कंपनीच्या अधिकृत विक्रेत्याकडून किंवा पेट्रोल पंपावरून करा. नाना पेठेत सगळं मिळतं आणि तिथे पिढ्यान्‌पिढ्या चोख धंदा करणारे दुकानदार आहेत, पण ओळख नसेल तर नुसत्या स्वस्त भावावर जाऊ नका. नामांकित ब्रँडच्या रिकाम्या डब्यांत भलतंच भरून विकलं जातं, म्हणून सील आणि बॅच नंबर बघा. स्वतःचा डबा रिकामा झाला की त्याला भोक पाडून टाका. आणि काढलेलं ऑइल कोणी गटारात ओतताना दिसलं तर थांबवा, ते धोकादायक कचऱ्यात मोडतं आणि आपल्या गटारातून थेट मुठेत जातं.

बदलताना शक्य असेल तर समोर उभे राहा. प्रत्येक वेळी फिल्टर नवा आणि ड्रेन बोल्टचा वॉशरही नवा. जुन्याच वॉशरवर बोल्ट जास्त आवळला की चेंबरचे आटे जातात. ऑइल मॅन्युअलमध्ये लिहिलंय तेवढंच. गाडी सपाट जागी असू द्या, इंजिन दोन मिनिटं चालवून बंद करा, पाच-दहा मिनिटं थांबा, मग डिपस्टिक पुसून पुन्हा घाला आणि वाचा. पातळी वरच्या खुणेच्या जरा खाली असावी. खुणेच्या वर गेली असेल तर जादाचं काढायला लावा, कारण क्रँक ऑइलमध्ये फिरायला लागला की फेस होतो आणि फेस बेअरिंगला वंगण देत नाही. त्यानंतर महिन्यातून एकदा सकाळी गाडी काढण्याआधी डिपस्टिक बघत जा. नवं इंजिन पहिल्या काही हजारांत थोडं ऑइल खातं, तेवढं चालतं. पण महिन्यात पातळी खालच्या खुणेपर्यंत उतरली, किंवा न भरताच वर चढली आणि पेट्रोलचा वास आला, तर पुढच्या सर्व्हिसची वाट न बघता गाडी दाखवा.